पॅकेजिंगमधली शेल स्क्रिप्ट बदलली की रिव्ह्यूत नेमकं काय बघता?

ओळीमागूनओळ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या टीममध्ये पॅकेजिंग बघणारा सहकारी दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला आणि डेब-आरपीएमचे (लिनक्स पॅकेजचे दोन प्रकार) रिव्ह्यू माझ्याकडे आले. मी मुळात पायथन आणि गो लिहिते. तिथला डिफ उघडला की कुठे थांबायचं ते डोळ्यांना सवयीनं कळतं. शेलचा डिफ मात्र वाचून संपतो आणि मनात एकही प्रश्न उमटत नाही. याचीच मला जास्त काळजी वाटते.

सध्या समोर असलेला बदल सांगते. कंपनीचा कोड असल्यामुळे जसाच्या तसा चिकटवत नाही. आमची एक सर्व्हिस आहे. पॅकेजचं आणि युनिट फाइलचं (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी फाइल) नाव तेच राहणार, पण डेटाची डिरेक्टरी बदलते आहे. /व्हार/लिबमध्ये जुन्या नावाखाली असलेला डेटा नव्या नावाखाली न्यायचा आहे. नवी डिरेक्टरी पॅकेजमध्येच रिकामी येते. पोस्टइन्स्टमधले, म्हणजे फाइली बसल्यावर रूट म्हणून चालणाऱ्या स्क्रिप्टमधले, बदल असे:

१) ‘सेट -ई’ (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबव) ही ओळ काढून ते ‘-ई’ सगळ्यात वर शेबँगच्या (कोणत्या शेलनं चालवायचं ते सांगणाऱ्या) ओळीत नेलंय.
२) ‘मायग्रेट’ नावाचं फंक्शन आलंय. आत दोनच ओळी: ‘सीपी -ए’नं जुनी डिरेक्टरी नव्या नावावर कॉपी, मग ‘आरएम -आरएफ’नं जुनी साफ.
३) कॉन्फिगरच्या केसमध्ये, आधीचं व्हर्जन ३.०-१ पेक्षा ‘एलटी’ (जुनं) असेल तर मायग्रेटला कॉल. त्याच ओळीत पुढे || (डावीकडचं फसलं तरच उजवीकडचं चालव) लावून ‘इको’नं इशारा छापायचा.
४) नव्या डिरेक्टरीवर ‘सीएचओन -आर’, सर्व्हिसच्या युजरच्या नावानं.
५) ‘सिस्टमसीटीएल रिस्टार्ट’, त्यापुढे || ट्रू.
६) केसच्या शेवटी ‘एक्झिट ०’.

शेलचेक (शेलमधल्या चुका शोधणारं टूल) हिरवं आहे. सीआय (आपोआप चालणारी तपासणी) रिकाम्या कंटेनरमध्ये पॅकेज इन्स्टॉल करून बघतं, तेही हिरवं. सहकारी म्हणतो, सरळ तर आहे, मर्ज कर. मला ठोस आक्षेप घेता येत नाही, पण मर्जचं बटण दाबायला हातही होत नाही. तुम्ही असा डिफ वाचायला कुठून सुरुवात करता?

---

डॅशवाला

आधी किरकोळ पण पटकन सापडणाऱ्या गोष्टी काढून टाका. डेबियनवर ‘बिन एसएच’ म्हणजे डॅश, बॅश नव्हे; हे दोन वेगळे शेल आहेत. दुहेरी चौकटी कंस, ॲरे, ‘सोर्स’, तुलनेत दोन बरोबरची चिन्हं, हे लिहिणाऱ्याच्या मशीनवर चालतं आणि दुसरीकडे मोडतं. डेवस्क्रिप्ट्समधलं ‘चेकबॅशिझम्स’ चालवा, डोळ्यांना त्रास देऊ नका.

दुसरं, व्हेरिएबल आणि ‘आरएम -आरएफ’ एकाच ओळीत दिसले की ते व्हेरिएबल रिकामं असेल तर काय होईल हे कागदावर लिहून बघा. २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीमच्या स्क्रिप्टमध्ये हेच झालं होतं. ‘सीडी’ फसलं, त्यामुळे व्हेरिएबल रिकामं राहिलं, आणि पुढची ओळ रूट डिरेक्टरीपासून डिलीट करत सुटली. ज्यांनी ते चालवलं त्यांच्या घरच्या फाइली गेल्या. व्हेरिएबलच्या नावापुढे महिरपी कंसातच :? लिहिलं की रिकाम्या व्हेरिएबलवर स्क्रिप्ट तिथेच थांबते. शेलचेकही हे सुचवतं.

तिसरं, इंडेंटेशन बदललेला डिफ सगळे ‘गिट डिफ -डब्ल्यू’नं वाचतात. वाचा, पण नंतर एकदा त्याशिवायही वाचा. २०११ मध्ये बम्बलबीच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये /यूएसआर आणि त्यापुढच्या /लिब यांच्यामध्ये एक स्पेस शिरली होती आणि लोकांची अख्खी /यूएसआर डिरेक्टरी उडाली. -डब्ल्यू तेवढा एका स्पेसचा फरक दाखवतच नाही. पायथनमध्ये स्पेसला अर्थ असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, शेलमध्येही तो असतो हे विसरलं जातं.

---

पोस्टइन्स्टकर

डॅशवाला म्हणतात ते करा, पण तुमच्या डिफमधला धोका त्या कुठल्याच चाळणीत सापडणार नाही. शेलचेक हिरवं दिसतंय ते बरोबरच आहे. प्रत्येक ओळ सुटी घेतली तर निर्दोष आहे.

मी ओळ काय करते हे पहिल्यांदा विचारत नाही. ही ओळ कोणता एरर गप्प करायला आली, हे विचारतो. पॅकेजिंगच्या स्क्रिप्टमध्ये || ट्रू, || इको, ‘एक्झिट ०’, डेव्ह-नलकडे वळवलेलं (म्हणजे फेकून दिलेलं) आउटपुट, हे सगळं कुणीतरी एक एरर बघितल्यानंतरच येतं. तो एरर कोणता होता ते शोधलं की खरा बग त्याच्या आसपास सापडतो. तुमच्या सहा मुद्द्यांकडे तसं बघू.

मुद्दा ३. पॅकेज पहिल्यांदाच इन्स्टॉल होत असतं तेव्हा पोस्टइन्स्टला ‘कॉन्फिगर’च्या पुढचं दुसरं आर्ग्युमेंट रिकामं येतं. डीपीकेजी या डेब बसवणाऱ्या टूलचं ‘एलटी’ रिकाम्या व्हर्जनला सगळ्यांत जुनं मानतं. म्हणजे कोऱ्या मशीनवरही अट खरी ठरते आणि मायग्रेट चालतं. जुनी डिरेक्टरी तिथे नाहीच, ‘सीपी’ फसतं, ‘सेट -ई’मुळे स्क्रिप्ट मरते, इन्स्टॉल अडकतं. माझी खात्री आहे की सहकाऱ्यानं हे पाहिलं आणि || इको लावलं. हवं होतं ते ‘एलटी-एनएल’. ते रिकाम्या व्हर्जनला सगळ्यांत नवं मानतं, त्यामुळे कोऱ्या इन्स्टॉलवर अट खोटी ठरते. (३.०-१ च्या पुढे एक टिल्डही लावा, म्हणजे बॅकपोर्टचं, जुन्या डेबियनसाठी बांधलेलं, व्हर्जन चुकून ‘जुनं’ ठरणार नाही. आणि पॅकेजचं नाव बदललं नाहीत हे उत्तम. बदललं असतं तर अपग्रेडलासुद्धा हे आर्ग्युमेंट रिकामं आलं असतं आणि ही अख्खी अट निरर्थक झाली असती.)

आता त्या || नं काय केलं ते बघा. फंक्शनचा कॉल ||च्या डाव्या बाजूला असेल तर त्या फंक्शनच्या आत ‘सेट -ई’ लागूच होत नाही. हा डॅशचा किंवा बॅशचा विचित्रपणा नाही, पॉझिक्स या शेलच्या स्टँडर्डमध्येच तसं लिहिलंय. ‘इफ’च्या अटीत कॉल केला तरी तेच. आत पुन्हा ‘सेट -ई’ लिहूनही उपयोग होत नाही.

समजा, कुणा ॲडमिननं जुनी डेटा डिरेक्टरी वेगळ्या मोठ्या डिस्कवर माउंट केली आहे. डेटा वाढतो तेव्हा लोक हेच करतात. नवी डिरेक्टरी मात्र रूट फाइलसिस्टमवर आहे, छोट्या डिस्कवर. ‘सीपी -ए’ सुरू होतं, अर्ध्यात डिस्क भरते, ‘सीपी’ एरर देऊन थांबतं. ‘सेट -ई’ बंद आहे, म्हणून पुढची ओळ चालते. ती ओळ म्हणजे ‘आरएम -आरएफ’. जुन्या डिस्कवरचा सगळा डेटा जातो. माउंट पॉइंट स्वतः डिलीट होत नाही, त्यामुळे इथे निदान ‘आरएम’ कुरकुरेल आणि इशारा छापला जाईल. पण डिस्क वेगळी नसेल आणि नुसती जागाच अपुरी असेल, तर ‘आरएम’ शून्य परत करतं, म्हणून फंक्शनही शून्य परत करतं, म्हणून इशारासुद्धा छापला जात नाही. डीपीकेजी म्हणतं, सगळं व्यवस्थित. तो || इको ज्या इशाऱ्यासाठी लिहिला, तो इशारा जिथे सगळ्यात जास्त हवा तिथेच येत नाही.

याच कारणानं कोऱ्या इन्स्टॉलवरही तो कधी दिसला नसणार. ‘सीपी’ची कुरकुर लॉगमध्ये असेल, बाकी हिरवं.

आता मुद्दा २ पुन्हा वाचा, डिस्कवर भरपूर जागा आहे असं धरून. डीपीकेजी आधी पॅकेज अनपॅक करतं आणि मग पोस्टइन्स्ट चालवतं. तुम्ही म्हणालात की नवी डिरेक्टरी पॅकेजमध्येच येते. म्हणजे कॉपी सुरू होण्याआधी ती हजर असतेच. ‘सीपी -ए जुनी नवी’, आणि नवी अस्तित्वात असेल, तर जुनी नव्याच्या आत जाऊन बसते. डेटा ‘नवी/जुनी’मध्ये पडतो. सर्व्हिस उठते, तिला नवी डिरेक्टरी रिकामी दिसते, ती नवा कोरा डेटाबेस तयार करते आणि सुखानं चालू लागते. हे ‘कधीतरी’ होणार नाही, प्रत्येक अपग्रेडला होणार. म्हणजे हा डिफ अपग्रेड करून एकदाही चालवलेला नाही. सीआय फक्त कोरं इन्स्टॉल बघतंय, आणि मायग्रेशनचा कोड कोऱ्या इन्स्टॉलसाठी नसतोच.

मुद्दा ५ आणि ६ यांचीही अशीच जोडी आहे. पोस्टइन्स्टच्या तळाशी दोन हॅशच्या मध्ये ‘डेबहेल्पर’ लिहिलेली ओळ असेल. दिसायला ती कमेंट आहे. पॅकेज बिल्ड होताना तिच्या जागी डेबहेल्पर हे पॅकेज बांधायचं टूल स्वतःचा कोड भरतं: युनिट एनेबल करणं, अपग्रेडनंतर रिस्टार्ट करणं, वगैरे. वरच्या केसमध्येच ‘एक्झिट ०’ आला की तो कोड कधी चालतच नाही. मग सर्व्हिस रिस्टार्ट होईना, म्हणून हातानं रिस्टार्ट लिहिला गेला. कंटेनरमध्ये सिस्टमडी (सर्व्हिस चालवणारा प्रोग्रॅम) नसतं म्हणून तो फसला, त्याला || ट्रू लागला. परिणाम असा: खऱ्या मशीनवर कोरं इन्स्टॉल केलं की सर्व्हिस चालू होते, पण युनिट एनेबल झालेलं नसतं. मशीन रीबूट झालं की सर्व्हिस उठत नाही. शिवाय ॲडमिननं ‘पॉलिसी-आरसी-डी’ लावून सर्व्हिस सुरू होऊ नयेत अशी व्यवस्था केली असेल तर हातानं लिहिलेला रिस्टार्ट ती धुडकावतो. ‘एक्झिट ०’ काढा, रिस्टार्ट काढा, दोन्ही प्रश्न सुटतील.

मुद्दा ४. मायग्रेशनसाठी ही ओळ लागतच नाही. रूट म्हणून ‘सीपी -ए’ केलं की मालकी तशीच राहते. आणि जिथे सर्व्हिसच्या युजरला लिहिता येतं त्या डिरेक्टरीवर रूटनं ‘सीएचओन -आर’ करणं हा सुरक्षेचा प्रश्न आहे. सर्व्हिसमध्ये कुणी शिरलं असेल तर तो आत एखाद्या सिस्टम फाइलची हार्डलिंक (त्याच फाइलचं दुसरं नाव) ठेवेल आणि पुढच्या अपग्रेडला तुमचीच स्क्रिप्ट ती फाइल त्याच्या नावावर करून देईल. आता बहुतेक ठिकाणी कर्नल अशा हार्डलिंक अडवतं, पण पॅकेजनं त्या भरवशावर राहू नये. लिंटियन या डेब तपासणाऱ्या टूलमध्ये याच्यासाठी टॅग आहे.

मुद्दा १ सौम्य आहे. कुणी डीबग करताना ‘एसएच -एक्स’ लावून स्क्रिप्ट थेट चालवली की शेबँगमधलं -ई लागू होत नाही. ओळ होती तिथे परत ठेवा.

---

ओळीमागूनओळ

मनापासून आभार. तुमचं उत्तर वाचल्यावर ब्रँचचा इतिहास उघडला. तिसऱ्या कमिटचा संदेश अक्षरशः ‘कोऱ्या कंटेनरवर इन्स्टॉल फेल होतं म्हणून’ असा आहे आणि त्यात फक्त तो || इको आलाय. पाचवा कमिट ‘सर्व्हिस रिस्टार्ट होत नाही’. मी आजवर एकत्र डिफच बघत होते, कमिट एकेक करून बघत नव्हते.

मग जुनं पॅकेज टाकून त्यावर हे चढवून पाहिलं. ‘नवी/जुनी’, तुम्ही सांगितलं तसंच.

आता दोन प्रश्न. मायग्रेशन लिहावं कसं? आणि आरपीएमच्या स्पेक फाइलमध्ये (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी फाइल) हेच फंक्शन ‘पोस्ट’मध्ये चिकटवलेलं आहे, तिथेही हेच नियम लागतात का?

---

स्पेकवाचक

नाही, आणि पहिली चूक तिथेच होते. आरपीएममध्ये दुसऱ्या आर्ग्युमेंटमधून व्हर्जन मिळत नाही. पहिल्या आर्ग्युमेंटमधून आकडा मिळतो: हे काम संपल्यावर या पॅकेजच्या किती प्रती मशीनवर असतील. ‘पोस्ट’मध्ये १ म्हणजे कोरं इन्स्टॉल, २ म्हणजे अपग्रेड. ‘प्रीयुन’ आणि ‘पोस्टयुन’मध्ये (पॅकेज काढण्याआधी आणि काढल्यानंतर चालणाऱ्या स्क्रिप्ट) ० म्हणजे खरोखर काढून टाकणं, १ म्हणजे अपग्रेडमध्ये जुनी प्रत निघते आहे.

क्रम लक्षात ठेवा: नव्याचं ‘प्री’, नव्या फाइली, नव्याचं ‘पोस्ट’, मग जुन्याचं ‘प्रीयुन’, जुन्या फाइली काढणं, आणि शेवटी जुन्याचं ‘पोस्टयुन’. म्हणजे या पायऱ्यांत शेवटचा शब्द जुन्या पॅकेजचा असतो. कुणी ‘पोस्टयुन’मध्ये आकडा न तपासता सर्व्हिस बंद करणं किंवा युजर डिलीट करणं लिहिलं, तर तो बग आज दिसत नाही. पुढच्या रिलीजला दिसतो, आणि तेव्हा नवं पॅकेज सुधारून भागत नाही, कारण चालणारी स्क्रिप्ट लोकांच्या मशीनवर आधीच जाऊन बसलेली असते. म्हणून ‘प्रीयुन’ आणि ‘पोस्टयुन’मधल्या बदलाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. तिथे तुम्ही आजचं नव्हे, पुढचं अपग्रेड तपासत असता.

आणखी एक. ‘प्री’ फसलं तर आरपीएम ते पॅकेज इन्स्टॉल करत नाही. ‘पोस्ट’ फसलं तर नुसता इशारा येतो आणि गाडी पुढे जाते. तुमचं मायग्रेशन ‘पोस्ट’मध्ये आहे, म्हणजे तिथे ‘सेट -ई’ लावून स्क्रिप्ट मरू दिली तरी पॅकेज इन्स्टॉल झालेलंच राहील. अर्धवट डेटा आणि नवं व्हर्जन, अशी स्थिती. तपासणी ‘प्री’मध्ये हवी.

बिल्ड झालेल्या फाइलवर ‘आरपीएम -क्यूपी --स्क्रिप्ट्स’ चालवून वाचा. स्पेकमधले मॅक्रो उलगडून खरं काय होणार ते तिथेच दिसतं.

---

पोस्टइन्स्टकर

स्पेकवाचकांचा शेवटचा मुद्दा डेबलाही तसाच लागू. ‘डीपीकेजी-डेब -ई’नं बिल्ड झालेल्या पॅकेजमधल्या कंट्रोल फाइली बाहेर काढा, आधीच्या रिलीजच्याही काढा, आणि त्या दोन पोस्टइन्स्टमधला डिफ वाचा. रिपॉझिटरीतला डिफ हा बीज आहे, लोकांच्या मशीनवर रूट म्हणून चालणार ते हे. मी रिव्ह्यू इथूनच सुरू करतो. तुमच्या बाबतीत त्यात डेबहेल्परचा पूर्ण ब्लॉक ‘एक्झिट ०’च्या खाली निपचित पडलेला लगेच दिसला असता.

मायग्रेशनबद्दल सांगण्याआधी एक विचारतो: ते हवंच आहे का? डेटाच्या डिरेक्टरीचं नाव सर्व्हिसच्या नावाशी जुळलंच पाहिजे असा नियम नाही. जुनं नाव राहू दिलं तर हा सगळा डिफ तीन-चार ओळींचा होतो. हा प्रश्न रिव्ह्यूत विचारायला लोक कचरतात, कोड लिहून झालेला असतो म्हणून. विचारा.

हवंच असेल तर माझा आग्रह असा. मायग्रेशन चालू असताना सर्व्हिस थांबलेली हवी. डेबहेल्परच्या कम्पॅट १० पासून अपग्रेडच्या वेळी सर्व्हिस आधी थांबवली जात नाही, शेवटी एकदाच रिस्टार्ट होते. म्हणजे तुमचा सहकारी चालू डेटाबेसची कॉपी घेतोय. कुणी म्हणेल प्रीआरएममध्ये, म्हणजे पॅकेज काढण्याआधीच्या स्क्रिप्टमध्ये, थांबवू. पण अपग्रेडमध्ये सुरुवातीला चालणारा प्रीआरएम जुन्या पॅकेजचा असतो, तो तर लोकांकडे जाऊन पोचलाय. तुमच्या हातातली पहिली जागा म्हणजे नव्या पॅकेजचा प्रीइन्स्ट, नव्या फाइली बसण्याआधी चालणारी स्क्रिप्ट. सर्व्हिस तिथे थांबवा.

जागेचा हिशोबही तिथेच करा. जुन्या डिरेक्टरीचा आकार, नवी जिथे येणार त्या फाइलसिस्टमवरची मोकळी जागा, आणि जुनी हा माउंट पॉइंट आहे का. काही जुळत नसेल तर सर्व्हिस थांबवण्याच्या आधीच, स्पष्ट शब्दांत कारण छापून प्रीइन्स्टमध्येच नकार द्या. प्रीइन्स्टनं नकार दिला तर जुनं व्हर्जन जागेवर राहतं आणि डीपीकेजी जुन्या पोस्टइन्स्टला ‘अबॉर्ट-अपग्रेड’ म्हणून हाक मारतं. पोस्टइन्स्टमध्ये फसलात तर नवे बायनरी बसलेले असतात आणि परतीचा रस्ता ॲडमिनला स्वतः शोधावा लागतो.

कॉपी करताना जुन्या डिरेक्टरीच्या नावापुढे /. लिहा, म्हणजे आतला मजकूर नव्यात जाईल, डिरेक्टरी नव्हे. सगळी कॉपी यशस्वी झाली की नव्या डिरेक्टरीत एक खुणेची रिकामी फाइल ठेवा, आणि मायग्रेशन सुरू करताना ती नाही ना हे बघा. ही खूण का लागते: पोस्टइन्स्ट पुन्हा चालू शकतो. समजा मायग्रेशन झालं, पण पुढे सर्व्हिस उठली नाही म्हणून पोस्टइन्स्ट फसला. ॲडमिननं कॉन्फिग दुरुस्त करून सर्व्हिस हातानं चालू केली, आठवडाभर नवा डेटा जमला. मग त्यानं ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवलं. यशस्वी कॉन्फिगर झालेलं शेवटचं व्हर्जन अजून जुनंच आहे, अट खरी ठरते, आणि आठवड्याचा नवा डेटा जुन्या कॉपीखाली दबतो. व्हर्जनची अट एकटी कधीच पुरेशी नसते. डिस्कवर काय आहे ते बघावं लागतं.

आणि जुना डेटा या रिलीजमध्ये डिलीट करू नका. अपग्रेडच्या वाटेवर ‘आरएम -आरएफ’ मी मंजूर करत नाही. पर्जच्या वेळी, म्हणजे ॲडमिन पॅकेज पूर्णपणे पुसतो तेव्हा, काढा.

तपासायला मशीनवर हे करा: जुनं व्हर्जन, खरा वाटेल असा डेटा, अपग्रेड. मग पोस्टइन्स्ट त्याच आर्ग्युमेंट्सनी हातानं दुसऱ्यांदा चालवा. मग एकदा कॉपी चालू असताना मध्येच मारा आणि पुन्हा कॉन्फिगर करा. इन्स्टॉल, अपग्रेड, पर्ज ही साखळी ‘पियुपार्ट्स’ आपोआप चालवतं, ते सीआयमध्ये घाला. मधेच मारण्याचं काम मात्र हातानंच करावं लागतं.

शेलचेकमध्ये ‘चेक-सेट-ई-सप्रेस्ड’ नावाची ऐच्छिक तपासणी आहे, ती चालू करा. फंक्शन || किंवा ‘इफ’मध्ये बोलावलं की ओरडते. मूळ सेटिंगमध्ये ती बंद असते, म्हणून तुमचं शेलचेक हिरवं होतं.

---

डॅशवाला

पर्जचा विषय निघालाच आहे म्हणून. पोस्टआरएमला (पॅकेज काढल्यावर चालणारी स्क्रिप्ट) ‘पर्ज’ म्हणून बोलावलं जातं तेव्हा तुमच्या पॅकेजच्या डिपेंडन्सी मशीनवर असतीलच असं नाही. ‘डेलयुजर’ नसेल, डेबकॉन्फही (इन्स्टॉल करताना प्रश्न विचारणारं टूल) नसेल. वापरण्याआधी ‘कमांड -व्ही’नं बघा. ‘विच’ नको.

आणि या पॅकेजमध्ये डेबकॉन्फ असेल तर तो ‘इको’ असाही चुकलाच होता. डेबकॉन्फ वापरताना स्टँडर्ड आउटपुटवर छापलेलं वाक्य त्याला गोंधळात टाकू शकतं. इशारे नेहमी एरर आउटपुटकडे वळवायचे.

---

नवीनरिलीज

धाग्याला थोडा फाटा फोडतो. आमच्याकडे उलट अडचण आहे. मेंटेनर स्क्रिप्ट छोट्या, पण अपस्ट्रीमचं (मूळ प्रोजेक्टचं) नवं व्हर्जन आणलं की ‘कॉन्फिगर’ (बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) आणि ती ज्यांतून बनते त्या एम-फोर फाइलींचा हजारो ओळींचा डिफ येतो. तो कुणी वाचत नाही. तुम्ही वाचता का?

---

पोस्टइन्स्टकर

जनरेट झालेलं ‘कॉन्फिगर’ मी वाचत नाही, ते बिल्डच्या वेळी ‘ऑटोरीकॉन्फ’नं नव्यानं बनवून घेतो. पण तेवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. एक्स-झेड या कॉम्प्रेशन टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये, जे २९ मार्च २०२४ ला उघड झालं, बॅकडोअरची पहिली कडी एका एम-फोर फाइलमध्ये होती. ती बदललेली फाइल टारबॉलमध्ये (रिलीजच्या कोडची संग्रह-फाइल) होती, गिटमध्ये नव्हती. आणि ऑटोरीकॉन्फ जे वापरतं ते एम-फोरच. तिथून पुढचं शेल टेस्टच्या फाइलींमधून काढलं जात होतं, आणि ते आधी बघायचं की हा डेब किंवा आरपीएमचा बिल्ड आहे का. आपल्यासारख्यांच्या बिल्डसाठीच ते लिहिलेलं होतं.

त्यामुळे मी टारबॉल आणि त्याच टॅगचं गिट यांच्यातला फरक काढतो. फक्त टारबॉलमध्ये असलेली प्रत्येक फाइल कुठून आली हे सांगता आलं पाहिजे. जी कुठल्याही टूलनं जनरेट केलेली नाही ती पूर्ण वाचतो.

त्याच प्रकरणात सीमेक या बिल्ड टूलच्या फाइलमध्ये, लँडलॉक (लिनक्समधली सँडबॉक्सची सोय) उपलब्ध आहे का हे तपासणाऱ्या छोट्या सी प्रोग्रॅममध्ये एक एकटा टिंब होता. त्यामुळे तो प्रोग्रॅम कधी कंपाइलच होत नसे, आणि बिल्ड समजायचं की लँडलॉक नाही. सँडबॉक्स मुकाट्यानं बंद. म्हणून बिल्डच्या तपासणीत बदल असेल तर मी आधीच्या आणि नव्या बिल्डचे लॉग शेजारी ठेवतो. एखाद्या तपासणीचं उत्तर ‘हो’चं ‘नाही’ झालं असेल तर कारण कळेपर्यंत मर्ज नाही.

‘डेबियन/रूल्स’मध्ये मात्र साध्या डोळ्यांनी वाचण्यासारखं बरंच असतं. तो मेकफाइल आहे. उलट्या तिरक्या रेघेनं जोडलेल्या ओळींत अर्धविराम असतील तर फक्त शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड मोजला जातो. लूप असेल तर शेवटच्या फेरीचाच. आतली कमांड फसली तरी बिल्ड हिरवा राहतो आणि पॅकेजमधून एखादी फाइल गायब होते. अर्धविरामांच्या जागी && किंवा लूपच्या आधी ‘सेट -ई’ दिसलं नाही तर विचारा.

---

ओळीमागूनओळ

अपडेट. ‘हे हवंच का’ हा प्रश्न टीमपुढे ठेवला. नवं नाव कागदपत्रांत आणि बॅकअपच्या टूलमध्ये गेलंय, त्यामुळे मायग्रेशन राहणार. पण सहकाऱ्यानं स्वतःच प्रीइन्स्टची तपासणी लिहायला घेतली आहे. त्याला मी कमिटच्या क्रमानं दाखवलं, कोणत्या ओळीनं कोणता एरर झाकला ते. ‘तुझं चुकलं’ असं म्हणायची वेळच आली नाही. || इकोची कमेंट त्यानं स्वतःच लिहिली.

सीआयमध्ये जुन्या रिलीजवरून अपग्रेडची पायरी घातली. डेबची चालते. आरपीएममध्ये ‘पोस्ट’ फसलं तरी काम हिरवंच राहतंय, स्पेकवाचक म्हणाले तसं. तिथे इन्स्टॉलनंतर खुणेची फाइल आहे का हे वेगळं तपासते आहे. याहून नीट पद्धत कुणी वापरत असेल तर सांगा.

---

स्पेकवाचक

खुणेची फाइल ठीक आहे. त्यासोबत ट्रान्झॅक्शनच्या आउटपुटमध्ये ‘स्क्रिप्टलेट फेल्ड’ शोधा आणि सापडलं तर काम लाल करा. आम्ही दोन्ही करतो. आउटपुट शोधायच्या आधी भाषा ‘एलसी-ऑल’नं सी वर नेऊन ठेवा, नाहीतर अनुवादित संदेश आला की शोध रिकामा जातो.